कावळा मोटरसाठी आला

दहाव्याला रामकुंडावर तास उलटला तरी ललितच्या पिंडाला कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. शेजारच्यांच्या पिंडावर त्यांची झुंबड उडाली होती. कारभारीमामा म्हणाले, "धनराज, त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मोठा भाऊ तू. बोल काहीतरी."

धनराजने हात जोडले. आईला सांभाळीन म्हणाला. ललितच्या बायकोला, पल्लवीला, काही कमी पडू देणार नाही म्हणाला. समोरच्या भिंतीवरचा कावळा पंखात चोच खुपसून बसला होता. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेव्हा उन्हाने म्हणा की वैतागाने म्हणा, धनराजच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या त्या रिमोटच्या गाडीला मोटर बसवतो, बाबा. आता तरी ये." कावळा खाली आला आणि पहिल्याच झटक्यात भात घेऊन उडाला.

मंडळी हुश्श म्हणून पांगली. धनराजला मात्र सुटल्यासारखंही वाटलं नाही. डेंग्यूने चार दिवसांत भाऊ गेला, तेव्हापासून त्याला काही वाटतच नव्हतं. ताट समोर आलं की जेवायचा, गादी घातली की आडवा व्हायचा. लोक म्हणायचे, धनराज खंबीर आहे हो. कसला खंबीर, पार बधिर झाला होता. भाऊ गेला हे त्याने स्वतःच्या तोंडाने एकालाही सांगितलं नव्हतं. फोन आला की तो मामांच्या हातात द्यायचा.

एकच गोष्ट आत टोचत होती. आईसाठी आला नाही, बायकोसाठी आला नाही, आणि मोटरसाठी आला. पस्तिशीच्या बाप्याचा जीव हातभर गाडीत अडकावा, याची त्याला चारचौघांत लाज वाटली होती. पण शब्द दिला तो दिलाच. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी गाडी पिशवीत घालून, डावा पाय ओढत, काठी टेकत तो कॉलेज रोडला, ललित ज्या दुकानात मोटर बघायला जायचा तिथे गेला. हा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला.

दुकानदार संतोष म्हणून होता. त्याने गाडी पाहिली नि लगेच ओळखली. "ही तर ललितदादांची. ते नाही आले?"

"त्याला जमलं नाय," धनराज म्हणाला. "एक मोटर बसवून द्या. ती बिनकार्बनची का काय म्हणतात ती. स्वस्तातली."

"ब्रशलेस." संतोषने दोन मोटरी काउंटरवर ठेवल्या. दिसायला सारख्याच, अंगठ्याएवढ्या जाड. "ही तेहतीसशेची, ही दोन हजाराची. किंमत नाही हं, एका व्होल्टला किती फेरे मारते तो आकडा. स्वस्त दोन्ही सारख्याच."

"मग मोठ्या आकड्याचीच द्या." द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसवर सुपरवायझर असलेल्या माणसाला सारख्या पैशात कमी माल घेणं ठाऊकच नव्हतं.

"पळवायची असेल तर घ्या. पण एवढी जाड चाकं, त्यात चढ. दहा मिनिटांत तापून जळेल."

"जळू द्या. बसवली म्हंजे झालं."

संतोषने चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याची नजर काठीवर गेली. "तुम्ही त्यांचे मोठे भाऊ का? मग तुम्हाला काही बोललेच नाहीत म्हणायचे." गाडीच्या टपावर ॲल्युमिनियमच्या पट्टीचा एक चौकोन ठोकलेला होता, आत रबर लावलेलं. "तुमचा फोन द्या जरा."

धनराजचा कॅमेऱ्याचा फोन त्या चौकोनात कचकन बसला. ना सैल, ना घट्ट.

"दादा म्हणायचे, लहानपणापासून आम्ही टेकडीवर गेलो की मी वर जायचो आणि भाऊ खाली चपला राखत बसायचा. आता दोघं खाली बसणार, गाडी वर जाणार, आणि वरचं सगळं शूटिंग करून आणणार. म्हणून हळू चढणारी मोटर पाहिजे होती. तीनदा बघून गेले. दिवाळीला घेतो म्हणाले."

धनराजने फोन काढून खिशात ठेवला. दाटून यावं असंच हे सगळं होतं, पण आलं नाही. "हळूवाली बसवा," एवढंच तो म्हणाला.

रविवारी तो रिक्षाने देवळाली कॅम्पच्या पलीकडे, दोघा भावांच्या नेहमीच्या बोडक्या टेकाडाशी गेला. रिक्षावाल्याला रस्त्यावर थांबवलं, फोन सुरू करून चौकोनात बसवला, आणि संतोषने शिकवलं तसं रिमोटचं बटण दाबलं. गाडी निघाली. दगड आला की थबकायची, गुरगुरायची, चढून जायची. मोटर चांगली निघाली; दोन हजाराचीच बरोबर होती. धनराज दगडावर बसून बघत राहिला. गाडी माथ्यावर पोचली, पलीकडे कलली आणि दिसेनाशी झाली.

त्याने मागे घ्यायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. रेंज संपली होती. गाडी वर, फोन वर, आणि तो खाली.

टेकाडावर चेंडू जावो, पतंग अडको, आणायला धावायचं काम ललितचं. खाली बसून विचारायचं काम धनराजचं. तीस वर्षांची सवय ती.

"सापडली का रे?" त्याने हाक मारली.

वरून कोणी ओ दिली नाही. तो थांबला, पुन्हा हाक मारली, आणि मग त्याला असं रडू फुटलं की रिमोट हातातून पडला. रिक्षावाला पळत आला. "काय झालं, दादा? पडले का?"

"माझा भाऊ गेला," धनराज म्हणाला.