फेटा पुढे, चौकडी मागे

चार वादक, पुढे काठी हलवणारा कोणी नाही, आणि तरीही चौघांचा श्वास एक. मानवी संस्कृतीनं याहून उंच पायरी आजवर गाठलेली नाही, असं नितेश गावंडेचं ठाम मत होतं. हे मत बनवायला त्याला व्हिएन्नात तीन वर्षं लागली. अमरावतीत नुसते चार वादक जमवायलाच चार लागली.

नितेश व्हायोलिन वाजवायचा आणि त्याची बायको प्राजक्ता चेलो. चेलो म्हणजे खुर्चीत बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचं व्हायोलिनचं थोरलं भावंड. वरूडचे संत्र्यांचे व्यापारी नत्थुजी बोंडे यांनी मुलीला गाणं शिकायला मुंबईला पाठवलं होतं. पाच वर्षांनी ती हे वाद्य आणि हा जावई, अशी जोडी घेऊन परत आली. नत्थुजींनी चेलोभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "एवढ्या मोठ्याचं काय काम होतं वं बाई?" पण विचारताना त्यांची नजर नितेशवर होती.

नवरा-बायकोनं राजापेठेत एका 'नीट' परीक्षेच्या कोचिंग क्लासच्या डोक्यावर खोली घेऊन 'वऱ्हाड चेंबर म्युझिक केंद्र' काढलं. चेंबर म्युझिक म्हणजे दिवाणखान्यात बसून चौघा-पाचांनी वाजवायचं संगीत, हे पाटीवरच खाली लिहिलं होतं. तरी पालक जिना चढून यायचे आणि बायोलॉजीची बॅच इथंच का, म्हणून विचारायचे. दोन पोरं चुकून तीन महिने व्हायोलिन शिकली. मग त्यांच्या वडिलांना कळलं.

मागच्या मार्चात नत्थुजींनी निर्वाणीचं सांगितलं.

"जवाईबाप्पू, एक वरीस देतो. पुढच्या मार्चपर्यंत कोण्या शिकलेल्या माणसानं कागदावर लिहून द्यावं, का हे काम हाय म्हणून. नाही त आपल्या पॅकिंग हाउसमधी तुमच्यासाठी खुर्ची घेऊन ठेवली हाय. गोल फिरते. हात ठेवाले जागा हाय. मागं टेकलं का झुलते बी."

त्या दिवसापासून नितेशच्या स्वप्नात ती खुर्ची येऊ लागली. स्वप्नात ती रिकामी असायची आणि हळूहळू त्याच्याकडे तोंड करून वळायची.

मुंबईचं एक प्रतिष्ठान अशा केंद्रांना लेखी मान्यता देत असे. अट एकच: केंद्रानं शिकवून तयार केलेली, चालू स्थितीतली एक चौकडी दाखवायची. निरीक्षक बाई मार्चच्या तिसऱ्या रविवारी येणार होत्या. व्हायोलिन वाजवणारे दोघं तर आता फिजिक्स करत होते. नितेशनं जाहिरात दिली: पाश्चात्त्य नोटेशन वाचता येणारे वादक हवेत. अकरा कीबोर्डवाले आले, एक शंखवाला आला, आणि अकोल्याच्या जुन्या शहरातून कुर्बान मास्तरांचा फोन आला.

कुर्बान मास्तरांचा लग्नाचा बँड होता. आजोबा पलटणीच्या बँडमध्ये होते, तेव्हापासून त्या घरात नोटेशन पाढ्यांसारखं पाठ. मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवत. भाचा अरीब कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, वाजवे आणि उरलेल्या वेळात मोबाइल दुरुस्त करी. दर्यापूरचे खुशालराव युफोनियम वाजवत. ते पितळी धूड मांडीवर घेतलं की पाळण्यातलं पोर घेतल्यासारखं दिसायचं. सोयाबीन निघालं की खुशालराव वादक, पेरणी आली की शेतकरी. चौथी मास्तरांची मुलगी तहरीम. तिचं एम.कॉम. झालं होतं आणि ती सॅक्सोफोन वाजवायची, पण घरातच. वरातीत ती कधीच गेली नव्हती. "लोकाच्या लग्नात मी कायले नाचू?" असं तिचं म्हणणं होतं.

नितेश आणि प्राजक्तानं एका ऑस्ट्रियन संगीतकाराची चौकडीसाठीची तीन भागांची रचना या चार वाद्यांसाठी पुन्हा लिहून काढली. आठवड्यातून दोनदा दोघं बसनं अकोल्याला जाऊ लागली. तालीम बँडच्या दुकानात. भिंतीवर जरीचे लाल कोट, कोपऱ्यात लाइटचे खांब, मध्ये चार खुर्च्या.

पहिल्याच दिवशी कळलं, की तहरीम सोडून कोणालाच बसून वाजवता येत नाही. बसले की लय पाण्यात पडलेल्या बिस्किटासारखी विरघळायची.

"सर, पाय नाही चालला त हवाच वर येत नाही," खुशालराव म्हणाले.

"पण हे दिवाणखान्याचं संगीत आहे, खुशालराव."

"मंग दिवानखान्यातच चालू. भिंत आली का फिरू."

इलाज प्राजक्तानं काढला. व्यसन सोडवतात तसं तिनं पायांचं माप उतरवत नेलं. पहिला महिना दुकानात गोल फेऱ्या. दुसरा महिना जागच्या जागी पाय. मग खुर्चीवर बसून दोन्ही टाचा, मग एकच टाच. फेब्रुवारी संपता संपता तिघंही उजव्या पायाच्या अंगठ्यावर आले. अंगठा बुटात असल्यामुळे बाहेरून दिसत नव्हता. नितेशच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यानं त्यांना चौकडीचं खरं गुपित सांगितलं. "इथं हुकूम देणारा कोणी नसतो. एकमेकांचे डोळे पाहा. श्वास ऐका."

"सरजी, वरातीत कोनाच्या डोळ्यात पाह्यलं त मार बसते," अरीब म्हणाला.

"चूप रे," मास्तर म्हणाले. "सर बराबर सांगून राहिले. नजरच असली गोष्ट हाय. चाळीस साल झाले सरजी, आपला एकच कायदा. फेट्यावर नजर. वरबापाचा फेटा चालला, का बँड चालला. फेटा थांबला, बँड जाग्यावर. मंग आभाळ फाटो."

नितेशनं वहीत लिहिलं: 'नजर — उत्तम.' पुढचं वाक्य त्याला वरातीपुरतं वाटलं, म्हणून ते त्यानं लिहिलं नाही.

रविवार उजाडला. भाड्यानं घेतलेल्या सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. त्यातली चाळीस केंद्राखालच्या कोचिंग क्लासनं एकाग्रता वाढावी म्हणून पाठवली होती. निरीक्षक बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर फाइल, चेहऱ्यावर काही नाही. त्यांच्या शेजारी प्रमुख पाहुणे म्हणून नत्थुजी. सासऱ्याला खूश ठेवावं ही कल्पना नितेशचीच. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि खास बोलावून आणलेल्या माणसानं नत्थुजींच्या डोक्यावर नऊ वारांचा गुलाबी फेटा बांधला. तुरा हातभर.

रंगमंचावर कुर्बान मास्तरांनी फेट्याकडे पाहिलं. मग खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी अरीबकडे पाहिलं. हे एकमेकांचे डोळे पाहताहेत, या विचारानं नितेश गहिवरला.

पहिला भाग झाला. असा झाला की प्राजक्तानं नितेशचा हात दाबला. दुसरा, संथ भाग त्याहून बरा झाला. निरीक्षक बाईंनी फाइल उघडून काहीतरी लिहिलं आणि जे लिहिलं त्याखाली रेघ मारली. मागे नीटचे चार विद्यार्थी झोपले होते. व्हिएन्नातही एवढे झोपायचेच. तिसरा भाग सुरू झाला. हा जलद, खेळकर, नाचता. आणि नत्थुजींच्या खिशात फोन थरथरला.

वरूडहून होता. ट्रक भरायचा होता आणि क्रेट कमी पडले होते. सभागृहात रेंज धड नव्हती. "हॅलो... हॅलो गा..." करत नत्थुजी उठले आणि दाराकडे चालू लागले.

फेटा चालला.

मास्तर उठले, कारण चाळीस वर्षं ते असेच उठत आले होते. त्यांच्या मागोमाग अरीब उठला. खुशालराव युफोनियमसकट उठले आणि त्यांनी पायऱ्या उतरताना एकही सूर सोडला नाही. अंगठ्यावर आणलेला ठेका एका क्षणात अख्ख्या पायांत परत गेला. तिघं मधल्या वाटेनं वाजवत निघाले. लोकांना वाटलं, कार्यक्रमात हे असंच असेल. ते उठले. उठल्यावर चालणं आलंच. झोपलेले चौघं जागे झाले आणि जेवण सुटलं असं समजून सगळ्यांत पुढे गेले.

नितेश दाराशी आडवा झाला. "मास्तर! बसा! मास्तर, खुर्ची!"

मास्तरांनी त्याच्याकडे प्रेमळ नजरेनं पाहिलं आणि मानेनं खूण केली: बाजूला व्हा, फेटा पुढे चालला.

रस्त्यावर नत्थुजी एका कानात बोट घालून ओरडत होते. "मोठ्या क्रेटमधी भर! मोठ्या! अबे काय आवाज? मी कायले वरातीत राहीन?" मागे वळून पाहतात तो तीन वाजंत्री आणि साठ माणसं. ते झपझप चालू लागले. बँडनंही गती घेतली. तो भाग व्हिएन्नात कोणी इतक्या वेगानं वाजवला नसेल. ते थांबले. बँड जागेवर थांबून तीच ओळ पुन्हा पुन्हा घोळवू लागला. ते दोन पावलं मागे आले, बँड दोन पावलं मागे गेला.

एक मोटारसायकलवाला थांबला. "नवरदेव कुठी हाय?"

"ट्रकमधी भरून राहिले," अरीब एक सूर सोडून म्हणाला.

शेवटी नत्थुजींनी फोन खिशात टाकला, आभाळाकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. बँड मागे असताना डोक्याला फेटा बांधून नुसतं उभं राहणं बोंड्यांच्या सात पिढ्यांत कोणाला जमलेलं नाही.

दाराशी उभ्या नितेशला खुर्चीची चाकं फिरताना स्पष्ट ऐकू येत होती. मग त्याला दुसरंच काही ऐकू आलं.

आत रंगमंचावर तहरीम बसलेली होती. फेट्याचा कायदा तिनं नुसता ऐकला होता, तो तिच्या पायांत भिनलेला नव्हता. तिला फक्त समोरचा कागद माहीत होता. तीन रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये बसून ती आपला भाग वाजवत होती, आणि तो भाग म्हणजे बहुतेक 'पँ... पँ...' एवढाच. पण ती डोळे मिटून बाहेरचं ऐकत होती. अब्बांचे सूर पळाले, की तिची बोटं पळत. रस्त्यावर तीच ओळ घोळली, की तीही मागे येऊन थांबे. दोनशे पावलांवर नत्थुजींनी एक गिरकी घेतली आणि दम लागून कमरेवर हात ठेवले. मास्तर शेवटाकडे वळले. रस्त्यावरचा शेवटचा सूर आणि रंगमंचावरचा शेवटचा सूर एकाच क्षणी बंद झाले.

नितेशनं हे दोन्ही कानांनी ऐकलं: डाव्या कानानं रस्ता, उजव्या कानानं सभागृह. व्हिएन्नातल्या गुरूंनी तीन वर्षं जे सांगितलं होतं, ते हेच.

सभागृहात आता तहरीम, प्राजक्ता आणि निरीक्षक बाई एवढ्याच होत्या.

"ही मुलगी कुठे शिकली?" बाईंनी विचारलं.

"घरीच," प्राजक्ता म्हणाली.

"आणि ते तिघं परत येणार आहेत का?"

"फेटा आला तर," नितेश दारातून म्हणाला.

बाईंनी फाइल उघडली आणि बराच वेळ लिहिलं. मान्यतापत्र त्यांनी तिथंच सही करून दिलं. शेरा असा होता: 'चारपैकी तीन वादक दृष्टीआड असतानाही समन्वय अबाधित. असं प्रशिक्षण इतरत्र आढळलं नाही.'

रात्रभर नितेशला एकदाही खुर्ची दिसली नाही. सोमवारी सकाळी पत्राला प्लॅस्टिकचं कव्हर घालून तो पहिल्या बसनं वरूडला गेला. पॅकिंग हाउसमध्ये मृग बहाराचा माल चालू होता. बायका संत्री निवडत होत्या, ट्रक उलटा लागत होता. नत्थुजी दोन्ही गुडघ्यांना बाम चोळत ओट्यावर बसले होते.

"मामाजी, कागद आणला." नितेशनं पत्र पुढे केलं. "शिकलेल्या बाईनं लिहून दिलंय. हे काम आहे म्हणून."

नत्थुजींनी बामाच्या बोटांनी पत्र धरलं, वरून खाली पाहिलं आणि परत दिलं.

"चांगलं झालं. त्या क्लॅरिनेटवाल्याचा नंबर द्या मले. पुतन्याचं लगन हाय मे महिन्यात."

"देतो. पण मग... ती खुर्ची?"

"कोणती खुर्ची?"

"फिरती. माझ्यासाठी घेऊन ठेवलेली."

"हा, ते व्हय." नत्थुजी गुडघ्याकडे वळले. "प्राजूनं सांगितलं नाही का तुमाले? जवाईबाप्पू, संत्रा कोणाची वाट नाही पाहत."

नितेशनं आत डोकावून पाहिलं. खुर्चीवर नत्थुजींचा पुतण्या अंकुर बसला होता. तो दसऱ्यापासूनच बसत होता.