भारी मळे

अजितला कन्नड येत नव्हतं, आणि येतं असं सांगून त्यानं राजाजीनगरातली गच्चीवरची खोली मिळवली होती. घरमालक श्रीधरराव मराठी, पण त्यांच्या तीन पिढ्या बेंगळुरात कापड विकण्यात गेलेल्या. पुण्याहून येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या पोरांवर त्यांचा भारी राग. ही पोरं इथं वर्षभर राहतात, सांबार गोड म्हणून नाक मुरडतात आणि कन्नडचा एक शब्द न शिकता अमेरिकेला जातात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून खोली दाखवण्याआधीच त्यांनी विचारलं होतं, "कन्नड येतं की नाही?" अजितनं ठोकून दिलं, "स्वल्प येतं." 'थोडं' या अर्थाचा हा कन्नड शब्द त्याला त्याच दिवशी ऑटोवाल्याकडून मिळाला होता.

पुढं 'सरी' म्हणजे 'बरं' हा दुसरा शब्द मिळाला, आणि या दोन शब्दांवर त्यानं चार महिने संसार केला. एकदा दूधवाल्यानं काहीतरी विचारलं, अजितनं सरी म्हटलं, आणि तेव्हापासून रोज दोन लिटर दूध येऊ लागलं. तो ते निमूट पीत असे.

दूध पचवून खोटं टिकवायचं कारण खोली नव्हतंच, क्षमा होती. श्रीधररावांची ही मुलगी बँकेतल्या नोकरीवरून आली की वाळलेले कपडे काढायला गच्चीवर यायची, आणि गप्पा रंगल्या की काढलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकायची. पुण्यात कॉम्प्युटरची सी भाषा शिकलेल्या, बेंगळुरात त्यावर पोट भरणाऱ्या या हुशार मुलाला त्याचा अर्थ काही लागला नव्हता. तो नुसताच प्रेमात पडला होता आणि तोंडातून शब्द काढायची हिंमत नव्हती.

अशात मे महिन्यात श्रीधररावांनी जाहीर केलं की रविवारी क्षमाला बघायला यशवंतपूरच्या धान्यबाजारातली मंडळी येताहेत. मुलगा मधुकर, त्याची आई भागीरथीबाई आणि मागं सगळा गोतावळा. जेवण आपल्या गच्चीवर, शामियाना घालून. अजितनं शामियान्याचे बांबू धरले, कारण धरायला सांगितलं होतं.

शनिवारी संध्याकाळी श्रीधरराव चपला घालता घालता म्हणाले, "अजित, मी केळीची पानं आणायला जातो. रेडिओवर आता कन्नड बातम्या लागतात बघ. शेवटी हवामान सांगतील, तेवढं स्वल्प ऐकून ठेव. पाऊस असला तर कोपऱ्यावरचा हॉल घेतो, नसला तर गच्ची आहेच. सरी ना?"

"सरी," अजित म्हणाला. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

तो खाली बैठकीतल्या रेडिओला कान लावून बसला. आत स्वयंपाकघरात क्षमा भाजी निवडत होती. उद्या धो धो पाऊस पडावा आणि त्या धान्यवाल्यांनी वाटेतूनच परत फिरावं, असं अजितला अगदी मनापासून वाटत होतं. पण मुलगा सज्जन. रेडिओ जे सांगेल तेच सांगायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. बातम्या वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, "नाळे बेंगळूरु... गुडुगु मिंचु सहित भारी मळे."

अजितला इतका आनंद कधी झाला नव्हता. चक्क समजलं होतं. गुडुगु आणि मिंचु ही जवळपासची गावं असणार. 'सहित' तर आपलंच. आणि 'भारी मळे'! म्हणजे त्या गावांसकट सगळीकडे शेतं, मळे झकास आहेत. हवा उत्तम असल्याशिवाय कोण असं म्हणेल? आनंद ओसरल्यावर त्याला वाईट वाटलं, कारण पाऊस नव्हता. श्रीधरराव परतल्यावर त्यानं पडलेल्या आवाजात सांगितलं, "अण्णा, उद्या हवा उत्तम आहे."

रविवारी दुपारी पंगत बसली. वरणभातावर तूप पडलं, आणि आभाळ एकदम काळं झालं. श्रीधरराव वर बघून म्हणाले, "जाईल ते, रेडिओनं सांगितलंय." तेवढ्यात असा वारा सुटला की शामियाना बांबूंसकट शेजारच्या घरावर गेला. कडाड करून वीज चमकली, टपोऱ्या गारा भागीरथीबाईंच्या कढीत पडल्या, आणि जिलेबीचं पान मधुकरच्या छातीला जाऊन चिकटलं. मधुकर ते तसंच घेऊन जिन्यानं खाली पळाला. आई मागं राहिली हे शेवटच्या पायरीवर त्याच्या लक्षात आलं.

खाली ओलीचिंब मंडळी टॉवेल गुंडाळून बसली. भागीरथीबाई म्हणाल्या, "बोलणी करायच्या आधीच आभाळ फाटलं. हे काही लक्षण नव्हे." पाऊस थांबला तशा त्या सगळ्यांना घेऊन निघून गेल्या. कळवतो, असंही म्हणाल्या नाहीत.

श्रीधरराव अजितकडे वळले. "रेडिओ काय म्हणाला रे नेमकं?"

अजितनं ते वाक्य पाठच केलं होतं. ते त्यानं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं.

श्रीधरराव मटकन खुर्चीत बसले. "नाळे म्हणजे उद्या. गुडुगु म्हणजे गडगडाट. मिंचु म्हणजे वीज. मळे म्हणजे पाऊस, माझ्या बापा. विजांसहित मोठा पाऊस म्हणाली ती. कन्नड येणारा माणूस हे ऐकून हवा उत्तम सांगतो? म्हणजे मुद्दाम केलंस. माझ्या मुलीचं स्थळ मोडलंस."

अजितचं डोकं भराभर चाललं. मुद्दाम केलं म्हणावं तर हे घर संपलं. येत नाही म्हणावं तर चार महिन्यांचं खोटं उघडं पडणार. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, मला कन्नड येत नाही. मला वाटलं, भाजीचे मळे."

श्रीधररावांचा आवाज उतरला. "पुण्याचा माणूस स्वतःहून म्हणतो मला येत नाही. म्हणजे खरंच असणार." आणि ते शामियाना शोधायला बाहेर पडले.

क्षमा बैठकीतलं पाणी पुसत होती. अजित तिच्यापाशी गेला. तो म्हणाला, "माफ करा. तुमचं स्थळ माझ्यामुळं गेलं. मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे," ती फडकं पिळत म्हणाली. "तुम्हाला कन्नड येत नाही, हे मला दुधावरनंच कळलंय."

"मग अण्णांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू?" क्षमानं पहिल्यांदाच वर बघितलं. "काल मी आतच होते. रेडिओ मीही ऐकला, आणि मला कन्नड येतं."