उलट्या झाडाचा उसासा

माघातली दुपार. नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीची पथारी पसरलेली. रक्तवर्ण, रक्तगंध, रक्तक्रूर. धरित्रीची त्वचा सोलून कुणी क्षितिजापर्यंत वाळत घातली असावी, तशी.

ऊन इथे प्रकाश देत नाही. ऊन इथे पहारा करते. वारा इथे गंध आणत नाही. वारा इथे डूख धरतो. दबकत येतो, तांबडी धूळ उचलतो आणि वाकलेल्या स्त्रियांच्या मुखांवर सूडासारखी फेकतो.

त्या वाकलेल्यांत बायजा. वीस वर्षे मिरचीचे देठ खुडणारी, जळजळत्या बोटांची, पदराचे टोक दातांत धरलेली. तिच्या छातीत दम्याची एक शीळ राहते. पाखराची नव्हे; बिळातून फणा काढणाऱ्याची.

आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची लेक हर्षदा, पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेली. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपात आईचे फुप्फुस. धुळ्याला काढलेल्या स्कॅनवरून तिने ते गणिताने घडवले होते. श्वासनलिकेचे खोड, खोडाला दोन फांद्या, फांदीला पुन्हा दोन, पुन्हा दोन, केसाहून सूक्ष्म डहाळ्यांपर्यंत. मूळ वर, पर्णभार खाली. देहाच्या काळोखात लोंबणारे उलटे झाड.

मायलेकींत पैज होती. पैज कसली, वैरच.

"मिरची माले मारस असं तुनं यंतर सांगी तर मी पथारी सोडसू," दिवाळीत बायजा थुंकल्यासारखी बोलली होती. "नही तं परत तोंड उघडू नको."

म्हणून आज दुपारच्या सुटीत बाया शेडमध्ये जमल्या. मुकादम दगाजी दारात, तंबाखू मळत. हर्षदाने झाडावर आकड्यांची धूळ सोडली. फांद्या शहारल्या, आकसल्या. आणि थोड्या अवकाशाने एक दीर्घ हेलकावा आला. झाड मुळापासून फुलले, फांद्या पुन्हा उमलल्या. निळ्या. निरोगी. पुन्हा धूळ, पुन्हा हेलकावा, पुन्हा ते निर्लज्ज निळेपण.

"काय डॉक्टरीणबाई," दगाजी खिंकाळला, "तुमची आई तर माझ्याहून धडधाकट निघाली! चला गं, उठा. पिक्चर संपला."

बाया हसल्या. बायजाही हसली, त्या हसण्यात माया नव्हती, धार होती. हर्षदाला वाटले, आपणच लावलेले हे झाड आपल्याच हाताने उपटावे. चार वर्षांची विद्या, आणि तिने आईला पुन्हा या लाल तोंडात ढकलले.

"थांब." बायजाने पडद्यावर बोट टेकले. काचेवर तांबडा ठसा उमटला. "हाई घडीघडी काय हालस?"

"उसासा आहे तो, माय," हर्षदा फणकारली. "माणूस नकळत टाकतो. एक खोल श्वास. आवळलेल्या नळ्या त्यानेच ताणून मोकळ्या होतात."

बायजाने तिच्याकडे पाहिले. परक्याकडे पाहावे तसे.

"पथारीवर उसासा कोन टाकस व? टाका का मिरची काळीजमा! वीस वरीस मी टाका नही. तुनी हाई बाई मी नही. हाई तं पुन्यानी बाई शे, खुर्चीवर बसेल."

बायांनी एकमेकींकडे पाहिले. पदर दातांत धरलेल्या, उथळ, चोरट्या श्वासांच्या बाया. हर्षदाचा चेहरा उतरला. याच पदराआड वाढलेली लेक, आणि आईचा उसासा तिने पुस्तकातून घेतला होता.

तिने एकच आकडा पुसला. उसासा: शून्य.

पुन्हा धूळ.

या वेळी हेलकावा आला नाही. एक डहाळी मिटली. ती मिटली म्हणून शेजारची मिटली. शेजारची मिटली म्हणून फांदी. मग झुबकेच्या झुबके विझत गेले, निळ्याचे जांभळे, जांभळ्याचे काळे, संचारबंदीत बाजारपेठेची दारे लागत जावीत तसे. उरली खोडाशी एक क्षीण निळी रेघ, थरथरत.

दगाजीचा तळवा थांबला. "खेळ आहे नुसता," तो म्हणाला. पण जमिनीकडे पाहून.

"मनं मरन डबामा भरीसन लई उनी तू," बायजा लेकीला म्हणाली. त्यात कृतज्ञता नव्हती. आपलेच प्रेत ओळखायला बोलावलेल्या बाईचा तो स्वर होता.

ती उठली. शब्द दिला होता. शब्द पाळायचा, क्षमा करायची नाही. पथारीतून ती सरळ चालत गेली, टाचांखाली वाळल्या मिरच्या कडाकड मोडत. हर्षदा मागे धावली. बायजाने वळूनही न पाहता हात मागे झटकला: तिथेच थांब.

लाल संपते त्या बांधावर ती उभी राहिली. तिने दातांतला पदर सोडला. पदराच्या टोकावर वीस वर्षांच्या दातांची कड होती.

आणि तिने उसासा टाकला.

तो सुखाचा नव्हता. तो शापासारखा आत गेला, गंजल्या दारांवर आदळत, एकेक कडी उचकटत, फांदीफांदीतून आग ओढत. ती खोकली, वाकली, डोळ्यांतून पाणी काढीत पुन्हा उभी राहिली, पुन्हा ओढला. मागे रक्तवर्ण रान. पुढे रिकामे रान. आणि मधल्या बांधावर, उन्हाच्या पहाऱ्यात, एक उलटे झाड, फांदी फांदी पेटत, फांदी फांदी उघडत.