ऑलिव्हचा पाव

तिंबलेलं पीठ तास-दोन तास उबदार जागी ठेवावं, असं पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तकावर माझा फार लवकर विश्वास बसतो. म्हणून भर मे महिन्यात, अमरावतीत, मी ते पातेलं गच्चीवर नेलं आणि शेजारणीच्या कुरडया वाळत होत्या तिथंच उन्हात ठेवलं. लिहिणारी बाई कुठल्यातरी थंड देशातली असेल, हे मला सुचलंच नाही. खाली येऊन वाचत बसलो. परत वर गेलो तर पीठ झाकण ढकलून बाहेर सांडलेलं, आणि त्याला आंबूस वास. तरी मी ते गोळा केलं, त्यात ऑलिव्ह मिसळले आणि ओव्हनमध्ये सरकवलं.

हा खटाटोप सुनेसाठी होता. इशिता पुण्याची. केयूरशी लग्न होऊन ती आली ती थंडीत, पण 'जेवण झालं का'च्या पुढे मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिची आई रविवारी ऑलिव्ह घालून पाव भाजते, असं ती एकदा केयूरला सांगत होती. आवाज जरा ओला होता. मी पेपरच्या आडून ऐकलं. बोलणं जमत नाही तर निदान पाव करावा, असं वाटलं.

ती कॉलेजात शिकवून परतली तेव्हा मी पिठाच्या हातांनी ओव्हनसमोर उभा होतो.

"बाबा, तुम्ही?" म्हणत ती इतकी खुलून हसली, की मी लाजून खोलीत पळालो.

संध्याकाळी केयूर अकोल्याहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, गोदावरीताईला, स्टँडवरून घेऊन आला. ताईनं चहासोबत स्वतःच पावाचा तुकडा मोडला. मोडला म्हणजे, दोन्ही हातांनी झटून तोडला.

"हा पाव हाय का रोडगा? रोडगा तरी तुपात बुडवून खाता येते, बाप्पा!"

केयूर हसला. ताई इशिताकडे वळली. "अन् ह्या काळ्या गोट्या कायच्या वं? तुह्या मायनं तुले काईच शिकवलं नाई का?"

इशितानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. वकिली केली तीसुद्धा मी दुसऱ्यांचे दावे लिहून देण्याची. कोर्टात उभं राहायची वेळ आली की मला खोकला यायचा. आताही आला.

"माझी आई पाव फार छान करते," इशिता म्हणाली आणि बश्या उचलून आत गेली.

"राग आला वाटते!" ताई म्हणाली. "घरी गेल्यावर शेजारची माणिकबाई विचारन, तुह्या भावाची, कमलची सून कशी हाय? मी काय सांगू तिले?"

"ताई, पाव मी केला," मी म्हणालो.

ताईनं कप खाली ठेवला. मग तिचे डोळे भरून आले. "कमल, लहानपणापासून असाच तू. सुनेची चूक झाकून राहिला. असा सासरा मिळायले नशीब लागते."

"बाबांना तर साधा चहा येत नाही," केयूर कौतुकानं म्हणाला.

माझे कान तापले. थोडं आधी बोललो असतो तर नुसतं हसं झालं असतं. आता माझा भित्रेपणा चांगुलपणा म्हणून अकोल्याला जाणार होता, आणि त्या पावाबरोबर इशिताच्या आईची बदनामीही.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. इशिता ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी परातीत मैदा ओतला, पाणी घातलं.

"ताई, इकडे ये!" मी हाक मारली. "केयूर, तूही ये."

दोघं दारात येऊन थांबली. मी पीठ दाबून पुढं ढकललं, दुमडलं, पुन्हा दाबलं. क्रम चुकला नाही.

"अरे देवा," ताई पुटपुटली. "खरंच तूच?" मग ती इशिताला म्हणाली, "अन् तू काहून गप राहिली वं? म्या तुह्या मायले नावं ठेवली ना."

"बाबा सांगतील असं वाटलं," इशिता म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी मान वर केली नाही. पीठ केव्हाच मऊ झालं होतं, तरी मळत राहिलो.