कडू संत्र्याची साल

ओडील मरायला टेकला होता, पण मरणाऱ्याला पाद्री लावतात ते शेवटचं पवित्र तेल लावून घ्यायला तयार नव्हता. फादर लिवेन तीनदा तेलाची कुपी घेऊन आले आणि तीनदा कॉफी पिऊन परत गेले.

"आपल्या पांढऱ्या बिअरचा एक ग्लास पोटात गेल्याशिवाय मी देवासमोर जायचा नाही," शेगडीजवळच्या पलंगावरून तो म्हणाला. "वर काय मिळतं कुणाला ठाऊक."

ती बिअर बनवणारा गावातला कारखाना बंद होऊन पाच वर्षं झाली होती. चाळीस वर्षं ओडीलने तिथली कढई ढवळली होती. तेव्हा सकाळी गल्लीभर उकळत्या गव्हाचा, धण्यांचा आणि संत्र्याच्या सालीचा वास पसरायचा, त्या वासावर बायका पोरांना शाळेसाठी उठवायच्या. आता जो तो पिवळी, आरपार दिसणारी बिअर पीत होता. ओडील तिला गाळलेलं मूत म्हणायचा, फादरसमोरसुद्धा.

त्याच्या बायकोला, झुल्माला, एकच धास्ती होती. हा तेलावाचून गेला तर भलतीकडेच पोचेल, आणि वर तिला एकटीलाच राहावं लागेल. भांडकुदळ होता, पण मेल्यावरही तिला तोच हवा होता.

तिने कपडे उकळायचा तांब्याचा हंडा घासून घेतला आणि स्वतःच बिअर शिजवली. गहू आणि मोड आणून वाळवलेले जव गिरणीतून भरडून आणले, यीस्ट पाववाल्याकडून मागून घेतलं. धणे खाटकाकडचे, सॉसेजमध्ये घालायचे. साल मात्र तिने डिसेंबरात सेंट निकोलसच्या सणाला नातवंडांना मिळालेल्या संत्र्यांची घातली.

दहा दिवसांनी ओडीलने घोट घेतला.

"झुल्मा, यात डुक्कर पडलं होतं का?"

"धणे खाटकाकडचे आहेत."

"ते कळलं. आणि ही गोड साल? बिअर आहे का पोरांचं सरबत? कडू संत्र्याची हवी, कडू. एवढी वर्षं माझे कपडे धुतलेस, वास नाही कळला?"

ती साल आता वाण्याकडे मिळत नव्हती. पण तो वास झुल्माला चांगला माहीत होता. पोटातल्या वातासाठी फादर ती साल सतत चघळत, आणि तीस वर्षं चर्चमध्ये त्यांच्यापुढे पापं सांगताना मधल्या जाळीतून तिच्या नाकात तोच वास शिरत होता. ती उठून त्यांच्याकडे गेली.

"फादर, तुमची साल द्या. सगळी."

"आणि माझ्या पोटाचं काय?"

"एका आत्म्याचा प्रश्न आहे, फादर."

फादरनी शोभेल त्यापेक्षा जास्त वेळ विचार केला. मग डबा दिला.

या खेपेला धणे औषधवाल्याकडचे, ताजे. तिने ते खलबत्त्यात नुसते फोडले, पूड केली नाही. आणि उकळी संपता संपता साल आणि धणे आपल्या धुतलेल्या मोज्यात बांधून हंड्यात सोडले.

आणखी दहा दिवस ओडील चिवटपणे जिवंत राहिला. मग फादर आले, कुपी टेबलावर ठेवली. झुल्माने दोघांनाही एकेक ग्लास भरून दिला. ओडीलने ग्लास तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मिशीला फेस. कडेचा थेंबही त्याने बोटाने पुसून चाटला. फादरनी कुपीचं बूच काढलं.

"धणे चिमूटभर कमी पडले," ओडील म्हणाला. "फादर, दहा दिवसांनी या."

झुल्मा त्या रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिली. एक्कावन्न वर्षांच्या संसारात हा माणूस मरणाला घाबरलेला तिने प्रथमच पाहिला.

"हो रे," ती म्हणाली. "मलाही जरा कमीच वाटले. परत करते."

तो समाधानाने भिंतीकडे वळला आणि थोड्या वेळाने घोरू लागला. झुल्माने फादरना खूण केली.

"आता लावा. हळूच."

फादरनी हातातला ग्लास संपवला आणि तेल लावायला घेतलं. डोळे, कान, नाक. ओठांवरचा फेस आधी रुमालाने टिपावा लागला. मग हात. पायांपाशी आले तेव्हा घोरणं थांबलं. पाय मात्र ओडीलने मागे घेतला नाही.

"गुदगुल्या होतात, फादर," डोळे न उघडता तो म्हणाला. "आणि धणे खरंच कमी आहेत."

झुल्मा हंडा घासायला बसली.