पंचक्रोशीचे उरलेले दोन मुक्काम

सुमंतराव काण्यांनी पंचक्रोशीला निघताना दूधवाल्याला दूध बंद करायला सांगितलं, ते गच्चीवरून. दूधवाला दारातच उभा होता. पण रामघाटाच्या गल्लीत एखादी गोष्ट सगळ्यांना कळवायची, तर ती एकाला मोठ्यानं सांगावी लागते.

"पाँच दिन नहीं रहेंगे! पूरी काशी की परिक्रमा! पैदल!"

"ठीक है बाबूजी," म्हणून दूधवाला चालता झाला. बाकी गल्ली दात घासत होती.

बँकेतून निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या पत्नी शरदिनीबाई गेल्या. मग सुमंतरावांनी सतार सुरू केली, जर्मन सुरू केलं, सूर्यनमस्कार सुरू केले. त्यातलं टिकलं काय, तर सतारीची खोळ. पुढे पुढे सकाळी एका पायात मोजा चढवला की दुसरा चढवावा असं वाटायचं बंद झालं. ते तसेच पलंगाच्या काठावर जेवणवेळेपर्यंत बसून राहत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "रोज थोडं चाला."

'थोडं' हा शब्द सुमंतरावांना कधी ऐकूच येत नसे. त्यांनी पंचक्रोशी ठरवली. काशीभोवती पन्नास मैल, अनवाणी, वाटेत पाच मुक्काम. शेवटी साक्षी विनायकापुढे उभं राहून 'यात्रा पूर्ण झाली' असं सांगायचं. या गणपतीकडे खातंच साक्षीदाराचं. तुम्ही सांगायचं, त्यानं ऐकून ठेवायचं.

तीन मुक्काम झाले. चौथ्या सकाळी रामेश्वरच्या धर्मशाळेत ते वरुणा नदीकडे तोंड करून बसले आणि बसलेच. पाय ठणठणीत होते. एक फोडसुद्धा नव्हता. असता तर सांगायला बरा पडला असता. उठायचं ज्यानं तो माणूसच जागेवर नव्हता. बरोबरचे यात्रेकरू 'हर हर महादेव' करत पुढे गेले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सुमंतराव तोंडाला गमछा गुंडाळून ई-रिक्षात बसले. दुपारी गल्ली निजलेली असताना चोरासारखे स्वतःच्या घरात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली.

बेत सोपा होता. परवा संध्याकाळपर्यंत लपायचं, मग जरा लंगडत बाहेर पडायचं. साक्षी विनायकाला काय सांगायचं, ते आयत्या वेळी सुचेल.

लपलेल्या माणसाला फार ऐकू येतं. दिवा नाही, कुकर नाही. फुटाणे चघळत ते खिडकीशी बसले. खालच्या मजल्यावर प्रभावतीकाकूंचा खोकला. पाठशाळेतल्या मुलांची संथा. गल्लीत कुणी नगरपालिकेला शिव्या घालत होतं, कुणी जावयाला. आपलं नाव कुणीतरी काढेल, म्हणून सुमंतराव कान लावून होते. 'आता शिवपूरच्या मुक्कामाला पोचला असेल नाही बिचारा?' एवढं पुरलं असतं. दुसऱ्या दुपारपर्यंत सबंध गल्लीला एका बैलाची आठवण झाली, दोनदा.

तेव्हा त्यांनी खोलीच्या मधोमध स्टूल ठेवलं, वर विश्वनाथाची तसबीर ठेवली, आणि तिला उजवीकडे धरून चालायला लागले. उरलेली वाट इथेच पुरी करू. पलंग, खिडकी, सतार, दार. पलंग, खिडकी, सतार, दार. ऊन भिंतीवरून उतरेतो चालले. मग सतारीपाशी थांबले. खाली बसले. हीदेखील अर्धीच राहिली. आपल्याच खोलीत, सपाट फरशीवर, चढ ना उतार. त्यांना हसू यायला हवं होतं. ते गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिले.

जिन्यात काठी वाजली. एक पायरी, थांबणं, खोकला, एक पायरी. दाराशी प्रभावतीकाकूंचा आवाज आला. ऐंशीच्या घरातल्या काकूंनी त्यांना झबल्यात पाहिलेलं.

"सुमंता, तू घरात नाहीस, हे मला ठाऊक आहे."

सुमंतरावांनी श्वास रोखून धरला.

"मी काही विचारायला नाही आले. तुझी यात्रा चालू आहे, चालू दे. पण वर इतका वेळ कुणी चालत होतं, ते एकदम का थांबलं, तेवढं सांग. मला घबराहट होते."

मग आतून आवाज आला, "दमलो, काकू."

"मग बैस की. मला काय वाटलं..." काकूंनी काय वाटलं ते सांगितलं नाही. "काल दुपारीही वर कडी वाजली होती. तेव्हा नाही आले मी. लपलेल्याला पकडलं की त्याची मजा जाते."

"रामेश्वरहून परत आलो. उठवेचना."

"बरं."

"साक्षी विनायकाला काय सांगू?"

"हेच सांग. तीन मुक्काम, मग रिक्षा. त्याला कुठे टाळ्या वाजवायच्या आहेत?" काठी वळली. "दार उघडू नकोस, मला आता उतरायला वेळ लागेल. खिचडी लाव. शिट्टी ऐकल्याशिवाय मी निजायची नाही."

सुमंतराव उठले. उठताना भिंत धरावी लागली. त्यांनी दिवा लावला, डाळ-तांदूळ धुतले आणि कुकर चढवला. खिडकी उघडी होती. पहिली शिट्टी गल्लीभर गेली. खालून छताला काठीचा एक ठोका आला.

त्यांनी गॅस बंद केला नाही. आणखी एक शिट्टी होऊ दिली.