सतरा सप्टेंबरनंतरची पानं

जगाचा शेवट सतरा सप्टेंबरला, गुरुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी होणार, हे निरीक्षकांनी जाहीर केलं तेव्हा मावशी शाळेच्या गणवेशांना कॉलर लावत होती. "बरं," ती म्हणाली आणि मशीन चालू ठेवलं. गणवेश जूनमध्ये द्यायचे होते, त्यामुळे तिला त्यात काही अडचण दिसली नाही.

निरीक्षक म्हणजे तिचा नवरा. वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि पाच ग्रॅमचा फरकही कोणाला माफ केला नाही. निवृत्त झाले तेव्हा दुकानदार सुटले आणि पवित्र शास्त्र पूर्णवेळ त्यांच्या तावडीत सापडलं. शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकातल्या पशूची डोकी, शिंगं आणि मुकुट यांची बेरीज-वजाबाकी करून त्यांनी प्रभूच्या आगमनाची तारीख काढली. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही असं शास्त्रातच म्हटलंय, हे चर्चच्या पाळकांनी त्यांना अदबीने दाखवून दिलं. निरीक्षक म्हणाले, "तेव्हा प्रमाणित मापं नव्हती." पाळक मवाळ माणूस, आणि सभागृहाच्या किल्ल्या निरीक्षकांकडे. त्यांनी विषय बदलला.

मंडळीत निरीक्षकांचा शब्द चालायचा तो किल्ल्यांमुळे नाही, पुस्तकामुळे. दरवर्षी ते एक मननपुस्तक लिहीत. रोजचं एक पान, पानावर दहा-बारा ओळींचं मनन आणि तळाशी 'आजची कृती'. मंडळीतली चाळीस घरं सकाळी ते पान वाचत आणि कृती करत. करायची म्हणजे करायचीच, सबब नाही, हा तीस वर्षांचा शिरस्ता निरीक्षकांनीच घालून दिलेला. 'आज मौन पाळा' या पानाच्या दिवशी मंडळीतल्या न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची मिशी विचारायचं राहिलं म्हणून उडवली. त्याने पुढल्या वर्षी या कृतीतून धंद्यापुरती सूट मागितली. निरीक्षकांनी दिली नाही. "न्यायाच्या दिवशी तू प्रभूला मिशीची सबब सांगणार आहेस का?" असं विचारलं.

मनन सगळं निरीक्षकांच्या स्वभावाचं. आग, गंधक, तलवार, जागे राहा, कंबर कसा. अक्षर मात्र असं, की कुत्र्याचे पाय मांजराला. ते फक्त मावशीला लागायचं. तिची स्वच्छ प्रत छापखान्यात जायची आणि छापखानेवाल्याने तीस वर्षांत निरीक्षकांचं अक्षर कधी बघितलंच नव्हतं. मंडळीतली लहानमोठी सगळी तिला मावशी म्हणत, तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला हा छापखानेवालाही.

त्या वर्षी तो प्रत हातात घेऊन घरी आला. निरीक्षक शेवटाच्या हिशेबाचे नकाशे घेऊन ते लोकांना समजवायला बाहेर गेले होते.

"मावशी, हे पुस्तक सतरा सप्टेंबरला संपतंय."

"जगच संपतंय."

"ते संपू दे. पण मुखपृष्ठावर 'वर्षभराचे मनन' असं छापून झालंय."

मावशीने रात्री जेवताना विषय काढला. "उरलेली पानं कोरी ठेवा म्हणावं त्याला," निरीक्षक म्हणाले. "वाचायला कोण असणार आहे?" मावशीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी वही काढली. एकशे पाच पानं होती. गणवेशाच्या गठ्ठ्यावर वही टेकवून तिने ती अकरा दिवसांत लिहिली. पोळणाऱ्या इस्त्रीबद्दल लिहिलं, न बोलणाऱ्या शेजारणीबद्दल लिहिलं, सुचेनासं झालं तेव्हा सुईत दोरा ओवण्याबद्दलही लिहिलं. देवाला हे चालतं का, असा प्रश्न तिला एकदा पडला. पण निरीक्षकांचं ज्याला चालतं त्याला माझं चालेल, असं म्हणून तिने पान उलटलं.

पुस्तक आलं तेव्हा निरीक्षकांनी जाडी बघूनच विचारलं, "हे काय?"

"छापखानेवाल्याने तुमचीच जुन्या वर्षांतली पानं घातलीत मागे," मावशी म्हणाली. खोटं बोलताना ती काजं करत होती, त्यामुळे नजर चुकवावी लागली नाही.

"कागद फुकट," निरीक्षक म्हणाले.

ऑगस्टमध्ये निरीक्षक जिना चढताना मधेच बसले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ऑपरेशन करावं लागेल. मोठे सर्जन बाहेरून येतात. त्यांची तारीख बावीस सप्टेंबर, एकवीसला सकाळी दहा वाजता येऊन दाखल व्हायचं.

"सतराच्या आतली तारीख नाही?" निरीक्षकांनी विचारलं.

"नाही. आणि ही चुकली तर पुढची चार महिन्यांनी. चार महिने ही झडप टिकेल असं मी लिहून देणार नाही, काका."

"मग राहू द्या. सतराला मला नवं शरीर मिळतंय."

डॉक्टरीणबाईंनी मावशीकडे बघितलं. मावशीने चिठ्ठी घेतली, चार घड्या घातल्या आणि ब्लाउजात ठेवली. त्या दिवसापासून ती रोज प्रभूला एकच गोष्ट सांगे, की तू यायचं तर ये, तुझं घर आहे. पण येणार नसशील तर या माणसाला एकवीसला दवाखान्यात पोचव. माझ्याच्याने तो हलायचा नाही.

सतरा तारखेला चाळीसही घरं सभागृहात जमली. पाळकांना नेमकी त्याच दिवशी बहिणीची आठवण आली होती, ते तिकडे गेले. न्हाव्याने दुकान कायमचं बंद केलं म्हणून सांगितलं, पण किल्ली खिशात वाजत होती. चार वाजून वीस मिनिटं झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. चार पंचविसाला निरीक्षकांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. पावणेपाचला एका म्हातारीने विचारलं, "चहा ठेवायचा का कोणी?" साडेपाचला लोक एकेक करून उठले. कोणी निरीक्षकांना काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी वचनं काढून उत्तर दिलं असतं.

घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले नाहीत. मावशीने पुस्तक घेतलं, पलंगाच्या कडेला बसून अठराचं पान वाचलं. मनन दूध उतू जाण्याबद्दल होतं. तळाशी लिहिलं होतं: 'आजची कृती. जे भांडं करपलं असेल ते पाण्यात भिजत घालावं. आज घासायला घेऊ नये.'

मग भिंतीकडून प्रश्न आला, "हे मी कधी लिहिलं होतं?"

"असेल सुरुवातीचं," मावशी म्हणाली.

"तेव्हा मी मऊ लिहायचो." ते उठून बसले. "परत वाच."

तिने परत वाचलं. त्यांनी चहा घेतला. एकोणीसचं पान त्यांनी स्वतः मोठ्याने वाचलं आणि वाचून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "काही म्हण, पूर्वी मला माणसं कळत होती." मावशीला हसू आलं आणि रडूही, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

वीसला रविवार. निरीक्षक उपासनेला यायला तयार नव्हते. तीस वर्षं पहिल्या बाकावर बसलेला माणूस, कोणत्या तोंडाने जाणार? पण पानावर होतं: 'आज उपासनेत शेवटच्या बाकावर बसावं. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात, आणि प्रत्येकाच्या पाठीवर काही ना काही ओझं असतं.' शेवटचं बाक जमेल, असं म्हणून ते निघाले. पोचले तर शेवटच्या बाकावर तिळाइतकी जागा नव्हती. पान चाळीस घरांनी वाचलेलं. शेवटच्या तीन बाकांवर अख्खी मंडळी एकमेकांच्या मांडीवर बसावी तशी बसली होती, पुढची बाकं ओस, आणि बहिणीकडून परतलेले पाळक मोकळ्या लाकडाला उपदेश करत होते. पाठी कोणाच्याच दिसत नव्हत्या. न्हाव्याने सरकून निरीक्षकांना जागा करून दिली. "या काका, माझ्या गुडघ्यावर टेका थोडं," तो म्हणाला. निरीक्षक टेकले. सगळेच मागे बसल्यावर मान खाली घालून बसलेला कोण, हे कोणाला ओळखू येणार?

त्या संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "प्रभूला थोडा उशीर होतोय असं दिसतं. तोवर झडप दुरुस्त करून घ्यायला हरकत नाही." मावशीने त्यांच्या देखत पिशवी भरली. टॉवेल, दोन पायजमे, कागदपत्रं. प्रभूचे आभार मानले ते मात्र मनात. मोठ्याने मानले असते तर त्यांनी विचार बदलला असता.

एकवीसला सकाळी आठ वाजता निरीक्षक आंघोळ करून, भांग पाडून बसले. पुस्तक उघडलं, वाचलं आणि बंद केलं.

"आज जाता यायचं नाही."

मावशीने पुस्तक ओढून घेतलं. 'आजची कृती. आज कोणी घराबाहेर पडू नये. दार आतून लावावं आणि ज्या माणसाबरोबर संसार केला त्याच्या समोर बसावं. दुसरं काही काम काढू नये.' वाचता वाचता तिला ते पान लिहिलेली दुपार आठवली.

"अहो, आजारी माणसाला सूट असते."

"न्हाव्याला दिली नव्हती."

"ती मिशी होती. ही झडप आहे."

"अगं, गुरुवारी माझी सगळ्यांसमोर शोभा झाली. तारीख चुकली. नकाशे चुकले. या तीन दिवसांत मला कशाने उभं केलं असेल तर या पानांनी. माझं एवढं तरी खरं निघालं. आता मीच लिहिलेलं मीच मोडू?"

मावशी समोरच्या खुर्चीत बसली. घड्याळात सव्वाआठ झाले होते. गप्प बसावं तर झडप आहे, आणि बोलावं तर तीन दिवसांपूर्वी भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस आहे. दोन्हींत तिचाच नवरा जात होता. भिंतीकडून त्याला परत वळवता येईल, असं तिने ठरवलं.

"ते पान तुमचं नाही."

"म्हणजे?"

"अठरापासूनचं एकही तुमचं नाही. मी लिहिलीत. छापखानेवाल्याचं नाव उगाच पुढे केलं."

निरीक्षकांनी पुस्तक घेतलं आणि उलटंसुलटं करून बघितलं. पोकळ वजन तळाशी कुठे कोरलंय हे ते पूर्वी असंच बघायचे.

"करपलेलं भांडं?"

"माझं. तुम्ही जन्मात कधी भांडं घासलंय?"

"शेवटचं बाक?"

"तेही."

"मग मी काय लिहिलंय?"

"सतरापर्यंतचं सगळं," मावशी म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिला फार वाईट वाटलं.

निरीक्षकांनी पुस्तक पुन्हा उघडलं. मग आजच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे कशाला लिहिलंस?"

"त्या दुपारी तुम्ही न्हाव्याकडे नकाशे समजावून सांगायला गेला होतात. आदल्या दिवशी पाळकांकडे. त्याच्या आदल्या दिवशी आणखी कुठे. तीस वर्षं तुम्ही प्रभूची वाट बघितलीत आणि मी तुमची. वाटलं, चाळीस घरांना सांगितलं तर त्यात एक आपलंही येईल. एवढंच आहे त्यात, देवाचं काही नाही. माझी हौस होती. ती मी आज मागे घेते. उठा, साडेआठ झाले."

निरीक्षक उठले नाहीत. मावशीकडे बघत राहिले. ती समोरच बसली होती, दार आतून लावलेलंच होतं, आणि दोघांपैकी कोणी दुसरं काम काढलेलं नव्हतं. असं पाच-सात मिनिटं चाललं असेल.

"उद्याच्या पानावर काय लिहिलंयस?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. उद्या बावीस.

"आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे?"

"एकशे पाच पानं लिहिली हो. खरंच आठवत नाही. उद्या वाचा."

पुस्तक त्यांच्या हातात होतं, अंगठा एकवीसच्या पानावर. पशूच्या शिंगांवरून प्रभूची वेळ मिनिटांपर्यंत काढणाऱ्या माणसाला एक पान उलटायचं होतं फक्त. निरीक्षकांनी ते उलटलं नाही. पुस्तक मिटून पिशवीत टॉवेलाच्या वर ठेवलं, चेन लावली आणि बूट घालायला बसले.